गंधकाची दुप्पट धुरी

दुआन युइंगच्या मुळांना हेचिंगच्या बाजारात मान होता. सात पानांच्या त्या रानझाडाचं मूळ लोक गळवांवर उगाळून लावत. ती मुळं खणून आणायची, घासायची, गंधकाची धुरी द्यायची; मग मुळं तांदळासारखी पांढरी निघत. बुरशी दिसलेलं मूळ ती चुलीत टाकी. एकाहत्तराव्या वर्षी तिचे गुडघे वाकले होते, मान नाही.

ही झाडं उगवत त्या सावलीच्या उतारावर गावप्रमुख चाओला अक्रोड लावायचे होते. "कुनमिंगच्या प्रयोगशाळेला तुझ्या मुळांत काही सापडलं तर उतार राखू," तो म्हणाला. "नाहीतर कुऱ्हाड."

प्रयोगशाळेची श्ये लिंग मुळं न्यायला आली. पाहुणीला मळकं कसं द्यायचं? युइंगने धुरी दिली, लाल कागदात बांधून दिली.

महिन्याने लिंग रिकाम्या हातांनी परतली.

"आजी, या झाडांच्या आत बुरशी राहते. ती रोगजंतू मारते का ते बघायचं होतं. तुमच्या मुळांतून काहीच उगवलं नाही."

"माझ्या मुळांत बुरशी? तुझ्या आजीच्या मुळांत असेल."

"तुम्ही त्यांना काही केलंत का?"

"नेहमीची धुरी दिली. तुझ्यासाठी दुप्पट."

लिंग मटकन उंबऱ्यावर बसली. "म्हणजे आतली बुरशी तुम्हीच मारलीत. आता मातीसकट द्या."

युइंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चिखलाने भरलेली मुळं तिने बसथांब्यापर्यंत कोबीखाली लपवून नेली. वाटेत शेजारणीने विचारलं, "काय नेतेस?" आयुष्यात पहिल्यांदा मुळांचं नाव टाळून ती म्हणाली, "कोबी."

पुढच्या खेपेला लिंगने काचेची बशी दाखवली. जंतूंची पिवळट साय सगळीकडे पसरली होती. मधे राखाडी बुरशीचा ठिपका, आणि त्याच्याभोवती स्वच्छ गोल रिंगण.

"औषध व्हायला वर्षं लागतील, कदाचित होणारही नाही," लिंग म्हणाली. "पण हिच्याजवळ जंतू फिरकत नाहीत."

युइंगने बशी बराच वेळ न्याहाळली. आयुष्यभर चुलीत काय काय गेलं, ते तिला आठवलं. ते तिने कुणाला सांगितलं नाही.

चाओने प्रयोगशाळेचं पत्र दोनदा वाचलं. "बुरशीसाठी अख्खा उतार राखायचा?"

"तूही लहानपणी ओला, मळका आणि बिनकामाचा होतास," युइंग म्हणाली. "आम्ही तुला राखलंच ना?"

चाओने अक्रोडाची रोपं आपल्या परसात लावली.