चौथ्या रांगेतला झेंडू

सुट्टीवर कुडाळला आलो की मी छाती फुगवून सांगायचो, ओमानच्या वाळवंटात अख्ख्या गावाला मी वीज पुरवतो. खरं तर वीज डिझेलचे दोन जनरेटर पुरवायचे आणि मी फिटर म्हणून त्यांचं तेलपाणी बघायचो. मस्कतपासून गाडीने सहा तासांवरचं हे गाव म्हणजे चाळीसेक घरं, एक मशीद, एक शाळा आणि बकऱ्या. इंजिनांचा आवाज एवढा की तिथे सगळेच ओरडून बोलतात. मी फोनवरही तसाच बोलायचो, आणि बायको विचारायची, "भांडतास कित्याक?"

अठरा वर्षं अशी गेली. मग गावाबाहेरच्या माळावर सोलर पॅनल आली. देशात इतरत्र ती आधीच आली होती. मनाहच्या बाजूने जाताना मैलोन्‌मैल काळीनिळी काच मी पाहिली होती आणि मनातल्या मनात हसलो होतो. तेलावर आणि गॅसवर उभा असलेला देश आता उन्हाच्या मागे लागला! ज्या उन्हाला मी रोज उठून शिव्या घालायचो, ते काय कोणाचं भलं करणार होतं?

इंजिनं बंद करायचं बटण मला स्वतःलाच दाबायला लावलं. इंजिन घरघरत थांबलं, आणि डोक्यावरचा पंखा फिरतच राहिला. मी त्या पंख्याकडे वेड्यासारखा बघत बसलो. बाहेर आलो तर दूरवरच्या बकरीच्या गळ्यातली घंटा ऐकू येत होती. पॅनलपाशी गेलो. तिथे काही हलत नव्हतं, तापत असलं तरी धूर नव्हता, कोणी काही जाळत नव्हतं, आणि गावातला प्रत्येक एसी चालू होता. मी पार चाट पडलो. इतकी वर्षं हे ऊन असंच फुकट सांडत होतं आणि आम्ही टँकरने डिझेल आणत होतो.

पण त्या कौतुकात नोकरीची धास्तीही होती. रात्रीसाठी बॅटऱ्या होत्या, इंजिनं आता फक्त अडीअडचणीला ठेवलेली. मस्कतमधल्या अल खुवैरच्या ऑफिसात आमच्या प्लांटवर नजर ठेवणारी इंजिनीअर होती, अल खौदच्या युनिव्हर्सिटीत शिकलेली ओमानी मुलगी, माझ्या लेकीच्या वयाची. तिने आडपडदा न ठेवता सांगितलं की तिथे माणूस लागेल असं तिला वाटत नाही, तीन महिने बघू आणि ठरवू. पन्नाशी उलटलेल्या डिझेलवाल्याला दुसरं कोण घेणार? घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "गेली तर जांव दी. घराक येवा." मी चिडून फोन ठेवला.

तिसऱ्या महिन्यात खंडेनवमी आली. दर वर्षी मी मस्कतहून सामान आणणाऱ्या गाडीतून, बर्फाच्या पेटीत घालून झेंडूचे हार मागवायचो. हत्याराची पूजा चुकवायची नाही हे आमच्या हाडात भिनलेलं. त्या दिवशी दोन्ही थंड इंजिनांना हळदकुंकू लावलं, हार घातले, आणि मग वाटलं, खरं राबणारं तर बाहेर उभं आहे, त्याला उपाशी कसं ठेवायचं? म्हणून सर्वांत जाड हार चौथ्या रांगेतल्या पॅनलवर आडवा सोडला, काचेवर कुंकवाची बोटं ओढली, नारळ फोडला आणि मनापासून हात जोडले.

दहा मिनिटांत फोन वाजला. खुवैरहून तीच इंजिनीअर, तिच्या मोडक्या हिंदीत.

"चार नंबर लाइन में क्या हुआ? पावर गिर गया."

एका पॅनलवर सावली पडली की त्याच्यासोबत जोडलेली रांगच ढेपाळते, हे मला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. धूळ सांगितली होती, पक्षी सांगितले होते. झेंडूचं कोणी बोललं नव्हतं. धूळ म्हटलं असतं तर खपूनही गेलं असतं. पण आत्ताच हात जोडून झाले होते, लगेच खोटं बोलायला जीभ वळेना. पूजा केली, हार घातला, चूक माझी, असं सांगून टाकलं. मी मनात म्हटलं, खलास.

"डीज़ल को भी करते थे?" तिने विचारलं.

"हर साल, मॅडम."

"अब निकालो. पीछे लोहे पे बांधो. काच साफ करो."

फोन कानाशी धरूनच मी हार उचलला, काच पुसली. "ऊपर आया," ती म्हणाली. माझ्या अंगावर काटा आला. सहा तासांच्या अंतरावरून तिला माझा हात हललेला दिसला होता. अठरा वर्षांत मी इंजिन उघडलं काय नि झाकलं काय, कोणाला पत्ता नव्हता.

पुढच्या आठवड्यात ती स्वतः आली. मी बॅग भरायच्या तयारीत. ती रांगा हिंडली, मागच्या लोखंडावर सुकलेला हार बघितला. निघताना म्हणाली, "कंप्यूटर बोला, कम हुआ. क्यों हुआ, ये तुमने बोला. ऐसे और तीन गांव आ रहे हैं. चारों तुम देखो. इन्शाल्ला, दो साल." मला तिच्यासमोरच रडू आलं.

शुक्रवारी दुपारी मी बायकोला फोन लावला आणि सगळं सांगितलं, हारापासून त्या तीन गावांपर्यंत. नुसत्या उन्हावर गावंच्या गावं चालणार आहेत, आणि ते सांभाळायला मला ठेवलंय, अजून दोन वर्षं. एवढ्या आनंदाने मी तिच्याशी कितीतरी दिवसांत बोललो नव्हतो. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. माझं बोलून संपल्यावर तिकडून, कुडाळहून, म्हणाली,

"ऊन काय हंय पडना नाय?"