चाळीस गाठींची गादी

गादीमामाच्या दुकानात शिरणारा माणूस आधी शिंकायचा, मग बोलायचा. कापूस तिथे जमिनीवर कमी आणि हवेतच जास्त. दुपारी मागच्या खिडकीतून ऊन आत आलं की त्यात तंतू असे तरंगत राहायचे, की भिंत कुठे संपली आणि छत कुठे सुरू झालं ते कळू नये. त्या ढगाच्या मधोमध मामा बसलेला. भुवयांवर कापूस, मिशीत कापूस, कानात कापूस. मामी म्हणायची, "माझं निम्मं बोलणं त्या कानातच अडकतं. उरलेलं निम्मं ते मुद्दाम ऐकत नाहीत."

मामा तसा खरा एकाचाच. बहीण गेली आणि तिचं सहा वर्षांचं पोर याच्याकडे आलं. त्याची दिवसभराची 'मामा, मामा' अशी हाक ऐकून सगळी गल्ली मामा म्हणायला लागली. मामाहून वीस वर्षांनी मोठी म्हातारीसुद्धा. ते पोर कापसाच्या ढिगात लोळतच वाढलं, आणि आता शाळेत मास्तर झालं होतं.

मामाच्या हातची लग्नाची गादी डोळे मिटून ओळखावी. तिला चाळीस गाठी, पाच-पाचच्या आठ रांगा. कारण लग्नाची प्रार्थनाच तेवढी होती: आठ ओळी, ओळीत पाच शब्द. दाभण वरून खाली घालायची, खालून वर काढायची, दोरा ओढता ओढता एक शब्द म्हणायचा आणि शब्द संपला की गाठ. लांब शब्दाला लांब ओढ, छोट्याला छोटी. ओळ संपली की श्वास, आणि श्वासानंतर नवी रांग. त्यामुळे गादीवर एक हलकी लाट यायची, ती पाठीला बरोबर बसायची. फूटपट्टी दुकानात नव्हतीच. मामाला हे बापाने शिकवलं आणि बापाला त्याच्या बापाने. निम्म्या गावाचे संसार या प्रार्थनेवर झोपले होते. जे मोडले त्यांच्याबद्दल विचारलं, तर मामा शांतपणे म्हणायचा, "गादी उलटी घातली असणार."

त्या वर्षी नवा कायदा येऊ घातला होता. पुरुषाला पुरुषाशी आणि बाईला बाईशी लग्न करता यावं, असा. प्रार्थनागृहाच्या धर्मगुरूंनी विरोधाचं निवेदन काढलं आणि सह्या गोळा करायचं काम मामावर सोपवलं. माणूस अचूक निवडला होता. गावातला प्रत्येक जण कधी ना कधी मामाकडे येतोच. कागदावर रेघाही चाळीस निघाल्या. मामाला तो देवाचा इशाराच वाटला. सगळ्यात शेवटच्या रेघेवर त्याने स्वतःची सही केली आणि कागद फळीवर ठेवला.

तिसऱ्या दिवशी मास्तर आला. "मामा, लग्न ठरलं."

"कुणाचं?"

"माझं."

मामाचा पिंजणारा हात थांबला नाही. "मुलगी कुठली?"

मास्तराने दाराकडे पाहिलं. दारात बेकरीवाला उभा होता, चपला काढाव्यात की नाही या विचारात. एकाच्या बाहीवर खडू, दुसऱ्याच्या बाहीवर पीठ, आणि समोर मामा कापसात. तिघेही पांढरे. नुसते तंतू तेवढे खाली येत राहिले.

आता खरं सांगायचं, तर गल्लीला ही गोष्ट तीन वर्षं ठाऊक होती. मामीला चार. पाव आणायला रोज मास्तरच का जातो आणि दोन पावांना दीड तास का लागतो, याचा हिशेब न कळायला कानात नाही, डोळ्यांत कापूस लागतो.

"ग्रंथात काय लिहिलंय ते तुला मीच शिकवलं," मामा म्हणाला.

"म्हणूनच आलो. प्रार्थनागृहाचं दार आम्हाला उघडणार नाही, ते माहीत आहे. तुझी गादी तरी दे. प्रार्थनेसकट."

"ग्रंथ मी लिहिलेला नाही, मास्तर." रागावला की तो भाच्याला मास्तर म्हणायचा. "मी कापूस पिंजतो. देवाचा शब्द पिंजायचा मला अधिकार नाही. गादी देतो. प्रार्थना मागू नकोस."

"नुसती गादी बाजारातही मिळते, मामा," मास्तर म्हणाला. आवाज चढला नाही, म्हणून ते जास्त लागलं.

ते दोघे गेल्यावर मामी चहा ठेवून म्हणाली, "ज्या पोराला ढिगात झोपवून तुम्ही उन्हाच्या आड उभे राहायचात, त्याला आता बाजारची गादी." आणि निघून गेली. ती वाद घालत नसे. काटा टोचून ठेवायची आणि भाजी चिरायला बसायची.

मामाने दुसऱ्या दिवशी खोळ भरायला घेतली. ठरवलं होतं, प्रार्थना म्हणायची नाही, नुसते आकडे मोजायचे. एक, दोन, तीन. पण आकड्यांना ना ओढ, ना श्वास. तेराव्यानंतर पुन्हा बारा आला, रांगा एकमेकींत शिरल्या आणि मधोमध असा उंचवटा आला, की नवरा-नवरा दोन बाजूंना घरंगळून पडले असते. चिडलेल्या माणसाला तेच हवं असतं, असं गल्लीत म्हणाले. पण मामाचा हात त्यांना माहीत नाही. आपल्या नावाची वाकडी गादी बाहेर जाण्यापेक्षा त्याने दुकान विकलं असतं.

त्याने गाठी कापल्या. इकडेतिकडे पाहिलं, तर नजर फळीवरच्या कागदावर गेली. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तो एव्हाना भरला होता. चाळीस नावं, लांब, छोटी, सगळ्या मापाची. तो एकेक नाव पुटपुटत दोरा ओढू लागला. चष्मेवाला. चष्मेवाल्याची सासू. दोघे दूधवाले, जे एकमेकांशी बोलत नाहीत पण कागदावर शेजारी आहेत. चाळिसावी गाठ स्वतःची. गादी अशी सरळ उतरली की बघत राहावं.

प्रत्येक लग्नाची गादी देण्याआधी तिच्यावर एक डुलकी काढायची, हा त्याचा नेम. तो आडवा झाला. ऊन सरकत पायांशी आलं, कापूस खाली उतरायचा थांबला आणि वर चढू लागला. मग त्याला कळलं की आपण गादीच्या वर नाही, खाली आहोत. खांद्याला खांदा लावून सगळे चाळीस जण तिथे निजले होते, आणि चष्मेवाल्याची सासू कोपराने ढोसत म्हणत होती, "सरका जरा." वर कुणीतरी झोपलं होतं. त्या श्वासाने ओझं हळूहळू चढत होतं, उतरत होतं. मामाने तो श्वास ओळखला. सहा वर्षांच्या पोराचा, किंचित घरघरणारा. आपण कूस बदलली तर त्याला जाग येईल, म्हणून मामा तसाच पडून राहिला. तोंडात कापूस, हाक मारता येईना.

जागा झाला तेव्हा मामी उशाशी बसली होती.

"मघाशी नावं घेत होतात ना? सगळी ऐकली. पाठीखाली चष्मेवाल्याची सासू घेऊन त्या पोरांनी संसार करायचा?"

मामा उठून बसला. त्याने कातर घेतली.

तिसऱ्यांदा दाभण घातली ती प्रार्थना म्हणत. एकोणचाळीस शब्द, एकोणचाळीस गाठी. शेवटचा शब्द 'घडो'. तिथे हात थांबला.

"आता काय झालं?" मामी म्हणाली.

"मागणं कुणासाठीही मागता येतं. देव ऐकेल, न ऐकेल. पण 'घडो' म्हटलं की माझी सही झाली. तिकडे एक केलीये. दोन्ही सह्या एकाच हाताच्या कशा चालतील?"

गादी तशीच राहिली, दाभण कोपऱ्यात खोचलेली. मामीने निरोप धाडला, तसे संध्याकाळी मास्तर आणि बेकरीवाला आले. मास्तराने पडलेल्या गादीवरून तळवा फिरवला. एकेका गाठीवर त्याचे ओठ हलत गेले. कोपऱ्यापाशी तो थांबला.

"एक राहिली, मामा."

"ती माझ्याच्याने होत नाही." मामाने मान वर केली नाही. "ग्रंथ तुझ्यासाठी बदलला, असं मी म्हणणार नाही. एवढं मात्र मनापासून मागितलंय. खोटं नाही त्यात."

"माहितीये. खोटं असतं तर लाट आली नसती." मास्तराने दाभण हातात घेतली. "मग ही मी मारू?"

"गादी तुझी आहे."

सवय नसलेल्याला गाठ मारायला खाली दुसऱ्याचा हात लागतो, दाभण पकडून वर परत द्यायला. बेकरीवाला पुढे झाला, पण त्याला दाभणीचं तोंड कुठलं तेही कळेना. मामाने त्याला बाजूला सारलं, "बोट फोडून घेशील," आणि स्वतः गादीखाली हात घातला. भाच्याने वरून टोचली, मामाने खालून परत दिली. मास्तर म्हणाला, "घडो," आणि दोरा ओढला.

दुसऱ्या दिवशी मामाने कागद प्रार्थनागृहात नेऊन दिला. सह्या चाळीसच्या चाळीस होत्या. कायदा तरीही झाला. ग्रंथावरचा मामाचा विश्वास होता तिथेच आहे, आणि पाव आता तो स्वतः आणतो. दोन पावांना अर्धा तास लावतो.

शेवटच्या गाठीच्या वेळी मामाचेही ओठ हलले होते, असं मामी शपथेवर सांगते. त्याला विचारलं की म्हणतो, तोंडात कापूस गेला होता.