मास्तरांची जीभ

भिंगारचे आमचे ड्रॉइंग मास्तर प्राचीन वस्तू चाटून ओळखत. रानात सापडलेला मातीचा हत्ती-घोडा कुणी आणून दिला, की ते आधी चष्मा काढत, मग तो जिभेला लावत. जीभ चिकटली की वस्तू अस्सल. शतकही ते चिकटलेल्या जिभेनंच सांगत, त्यामुळे मला ते कधीच नीट कळलं नाही.

ओढ्याकाठी सापडलेला एक बैल त्यांचा फार लाडका. लढाईचे दिवस होते. नगरवर बॉम्ब पडलाच, तर आधी बैल उचलायचा, असं त्यांनी बायकोला बजावलं होतं.

एकदा माठ द्यायला आलेल्या कुंभारणीनं तो बैल हातात घेतला.

"मास्तर, ह्यो तर आमचा हाय! कान असा चिमटून काढायची रीत माझ्या सासूची. मागल्या पोळ्याचा."

"अहो मावशी, जिभेला चिकटतो!"

"चिकटंल न्हाई तर काय? कच्चा ऱ्हायलाय. लाकडं वली हुती."

मास्तरांनी बैल पुसून जागेवर ठेवला. एवढ्यात तिची नजर फळीवरच्या बाकीच्या हत्ती-घोड्यांकडे वळली. मास्तरांनी खांद्यावरचं उपरणं झटकन त्यांच्यावर टाकलं.

"माठ छान आहेत हं, मावशी. या आता."