कोंडीबाचा डावा हात

एकाहत्तरची लढाई संपली आणि नाथाजी हवालदार पेन्शन घेऊन गावी आला. गाव रहिमतपूरपासून दोन कोसांवर. आल्याआल्या तो सोसायटीच्या खताच्या गोदामावर राखणदार म्हणून लागला. माणूस उंच, ताठ, बोलायला महाकंजूष. गावानं त्याला हसताना काही बघितलं नाही, आणि फौजेतली माणसं अशीच असतात म्हणून कुणी मनावरही घेतलं नाही. पण त्याच्या गप्प राहण्याचं कारण फौजेत नव्हतं. ते रोज संध्याकाळी त्याच्या शेजारी ताट घेऊन जेवायला बसत होतं. त्याचा एकुलता एक मुलगा, कोंडीबा.

कोंडीबा जन्माचा डावखुरा. पासष्टच्या उन्हाळ्यात नाथाजी दोन महिन्यांच्या सुट्टीवर आला, तेव्हा पोरगं पाच वर्षांचं होतं. डाव्या हातानं भाकरी मोडत होतं, डाव्याच हातानं देवाला फूल वाहत होतं. शेजारच्या बायकांनी नावं ठेवली, त्याचं नाथाजीला एवढं काही वाटलं नाही. त्याच्या डोळ्यांपुढं होता त्यांच्या पलटणीतला एक डावखुरा रंगरूट. रायफलीचा बोल्ट उजव्या बाजूला, आणि त्या बिचाऱ्याचा हात सारखा भलतीकडं जायचा. उस्तादानं त्याला सगळ्या परेडीसमोर रडवला होता. आपल्या पोराला पलटणीत जायचं आहे, हे तर तो जन्मला त्याच दिवशी ठरलेलं. मग आत्ताच वळण लावलेलं बरं, असं नाथाजीच्या मनानं घेतलं. पायाला गुंडाळायची आपली फौजी पट्टी काढली आणि पोराचा डावा हात कमरेशी बांधून टाकला. सकाळी बांधायचा, झोपताना सोडायचा. सुट्टी संपली तेव्हा बायकोला, बनुबाईला, बजावून गेला की ह्यात खंड पडता कामा नये. तिनं वर्षभर बांधला. रडत बांधला, पण बांधला.

झालं! कोंडीबा उजव्या हाताचा झाला. झाला म्हणजे काय, अक्षर कोंबडीच्या पायांसारखं, विटीला दांडू कधी लागायचा नाही, पाण्याची कळशी उचलली की निम्मी सांडायची. त्याच वर्षात तो बोलताना अडखळायला लागला. कशानं ते देव जाणे. शाळेत मास्तर त्याला ठोंब्या म्हणायचे आणि तो खाली मान घालून ऐकून घ्यायचा.

आणि हे सगळं इकडं चाललेलं असताना नाथाजी होता कुठं, तर गाझात. दोन देशांच्या मध्ये शांतता राखायला निरनिराळ्या मुलखांतल्या फौजा तिथं वाळूत तळ ठोकून होत्या, त्यात आपलीही पलटण होती. शेजारीच कॅनडाचे गोरे शिपाई. त्यांचं एक रिकामं पत्र्याचं गोदाम होतं, आणि दुपारी ऊन उतरलं की ते त्यात एक खेळ खेळायचे. टोकाला जाळी बांधलेल्या काठ्या, रबराचा टणक चेंडू, एका बाजूला पाच गडी आणि सहावा गोल राखायला. चेंडू हातानं धरायचा नाही. जाळीत झेलायचा, जाळीतूनच फेकायचा. भिंतीवर आपटून आला तरी खेळ चालूच. त्याला ते लक्रोस म्हणत. नाथाजी आधी दारातून बघायचा, मग एक दिवस आत ओढला गेला, आणि महिन्याभरात बरा खेळायला लागला.

तिथं डेनिस नावाचा एक तांबड्या केसांचा गडी होता, डावखुरा. दोन्ही बाजू त्याच्यासाठी भांडायच्या. मोडक्यातोडक्या इंग्रजीत नाथाजीनं कारण विचारलं, तर डेनिसनं जमिनीवर बोटानं रेघा ओढून दाखवलं: मैदानाच्या उजव्या अंगानं खेळायचं तर काठी डावखुऱ्याच्याच हाती पाहिजे, तरच गोल समोर दिसतो. डावखुरा मिळत नाही म्हणून आमच्याकडं लोक दिवा घेऊन शोधतात, म्हणाला. नाथाजीनं मग आपला डावा हात कमरेशी धरला, गाठ मारल्यासारखं केलं आणि सांगितलं की आमच्याकडं असा बांधतात. डेनिस हसला. त्याला वाटलं थट्टा चालली आहे. मग त्यानं नाथाजीचं तोंड बघितलं आणि तो हसायचा थांबला.

सदुसष्टच्या मे महिन्यात कॅनडावाल्यांना अठ्ठेचाळीस तासांत निघून जायचा हुकूम आला. जाताना डेनिसनं आपली काठी आणि चेंडू नाथाजीच्या हातात दिला. पुढच्याच आठवड्यात तिथं लढाई पेटली, आणि आपली काही माणसं त्या वाळूतच राहिली. नाथाजी वाचला. घरी आला तो पहिलं वाक्य बोलला ते हेच, की पोराचा हात आता बांधू नको.

बनुबाई चुलीपुढं बसली होती. तिनं वर बघितलंही नाही.

"पट्टी कवाच सोडलीया," ती म्हणाली. "आता त्यो हातच वर येत न्हाई."

त्या एका वाक्यानं नाथाजीची झोप उडाली ती वर्षानुवर्षं. काठी त्यानं खुंटीला टांगली आणि चेंडू फडताळात ठेवून दिला.

पंच्याहत्तर सालच्या माघात एक गोष्ट घडली. शाळूचं पीक हुरड्याला आलं होतं, पाखरं राखायला कोंडीबा शेतातल्या माळ्यावर उभा होता. नाथाजी बांधाच्या आडून येत होता, पोराला तो दिसला नव्हता. आणि नाथाजीनं बघितलं, की गोफण पोराच्या डाव्या हातात आहे. डोक्याभोवती दोन फेरे, गोफणीचा सुरेख आवाज, आणि दगड थेट पलीकडच्या बाभळीच्या एका फांदीवर. पुन्हा. पुन्हा तीच फांदी. तो न राहवून पुढं झाला, पाचोळा वाजला, कोंडीबानं मागं बघितलं आणि झटक्यात गोफण उजव्या हातात घेतली. पुढचा दगड कुठल्या कुठं गेला.

नाथाजी तसाच मागं फिरला. पण हात मेलेला नव्हता. जिवंत होता आणि आपल्याला बघून लपत होता, एवढं नाथाजीला कळलं. आता हा हात आपल्या देखत वर आला पाहिजे, ह्यापलीकडं त्याला आयुष्याकडून काही मागायचं राहिलं नाही.

तो खुंटीवरची काठी घेऊन मोहिद्दीन सुताराकडं गेला. मोहिद्दीननं ती उलटीपालटी करून बघितली, असलं भलतंच काय काढलंस म्हणाला, आणि ओल्या वेळूच्या काठ्या धगीवर फिरवून तशाच बारा वाकवून दिल्या. जाळी विणायचं काम दोर वळणाऱ्या केरबाकडं. केरबा जन्मभर बैलांची मुसकी विणत आलेला. मळणीत बैलानं कणसाला तोंड लावू नये म्हणून तोंडाला बांधतात ती. त्यानं बाराही जाळ्या मुसक्यासारख्या खोल विणल्या. चेंडू आत गेला की बसला, बाहेर यायचं नाव नाही. केरबा खूश, की बघा, पडतोय का! नाथाजीनं सगळ्या उसवायला लावल्या. "चेंडू पडाया पायजे गड्या," तो म्हणाला. "पडल्याबिगर हाताला अक्कल येत न्हाई." केरबानं कुरकुरत पुन्हा विणल्या, उथळ. पोरांनी मात्र नाव ठेवायचं ते ठेवलंच: मुसक्याचा खेळ.

श्रावण लागता लागता खताची पोती उठली की गोदाम दिवाळीपर्यंत मोकळं असायचं. बाहेर नुसता चिखल. सोसायटीच्या सेक्रेटरीची परवानगी काढून नाथाजीनं वरल्या आळीची आणि खालच्या आळीची पोरं आत घेतली. पहिले पंधरा दिवस सामना नाहीच. प्रत्येकानं पाळीपाळीनं भिंतीपुढं उभं राहायचं, चेंडू मारायचा आणि परतून आलेला झेलायचा. शंभर एका हाताला, शंभर दुसऱ्या. झेलताना जाळी मागं घ्यायची, उडी मारणारं लेकरू घेतो तशी, नाहीतर चेंडू ठाणकन उडतो. आठवड्याभरात जी पोरं चेंडू आला की डोळे मिटायची ती डोळे उघडे ठेवायला लागली. मोकळ्या रानात दांडगं पोरगं पळूनच जिंकतं. इथं पळायला जागाच नाही, तर बघावं लागतं, आपला गडी कुठं आहे ते आधी ठाऊक असावं लागतं. पंधरावीस पोरांतलं सगळ्यात दांडगं, गुंडा नावाचं, पहिल्या दिवशी सगळ्यांना ढकलत सुटलं होतं. दुसऱ्या महिन्यात तेच मान वर करून चेंडू दुसऱ्याला द्यायला लागलं.

आणि कोंडीबा? नाथाजीनं त्याला उजव्या अंगाला उभा केला आणि काठी डाव्या हातानं धर म्हणून सांगितलं. पोरानं धरली. हुकूम होता ना. पण हात लाकडासारखा ताठ, कपाळावर घाम, आणि नजर चेंडूवर नाही, बापाच्या तोंडावर. चेंडू आला की पडायचा. नाथाजीनं गोडीनं सांगून बघितलं, जवळ जाऊन हात धरून दाखवला. त्यानं मनगटाला हात लावला मात्र, पोरगं एवढं दचकलं की काठीच खाली पडली. बाप काय समजायचं ते समजला.

एक दिवस सेक्रेटरीनं नाथाजीला बाहेर बोलावलं. बोलणं झालं, तो परत दाराशी आला आणि थबकला. आतून चेंडूचा आवाज येत होता. भिंत, जाळी, भिंत, जाळी, मध्ये कुठं खंड नाही, आणि पोरं ओरडत होती, "कोंड्या, हिकडं!" नाथाजीनं दार ढकललं. आवाज थांबला, आणि चेंडू फरशीवर टपटपत कोपऱ्यात गेला.

त्या दिवसापासून तो शिकवायचं तेवढं शिकवून बाहेर यायचा, दार लोटून घ्यायचा आणि त्याला पाठ लावून उभा राहायचा. गावाला वाटलं हवालदार तंबाखू मळायला बाहेर येतो. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला तेच बघणं त्याच्या नशिबी नव्हतं, आणि ते त्यानं मुकाट्यानं पत्करलं होतं. दारावर कान ठेवून ठेवून त्याला पोरांचे चेंडू आवाजावरून ओळखू यायला लागले.

दसऱ्याच्या दिवशी दोन आळ्यांचा सामना ठेवला. सगळं गाव लोटलं. बायका भिंतीकडेनं उभ्या, पुढं बाकावर सेक्रेटरी आणि मास्तर. नाथाजीनं शिट्टी वाजवून खेळ सुरू केला, शिट्टी मोहिद्दीनच्या गळ्यात घातली आणि तो चालता झाला. लोक बघतच राहिले. थोड्या वेळानं बनुबाई बाहेर आली, तर हा गडी दाराला पाठ लावून उभा.

"आवं, आत चला की," ती म्हणाली. "पोरगं कसं खेळतंय बघा तरी."

"मी गेलो की त्येचा हात मरतोय." आणि मग बोट वर करून म्हणाला, "ऐक. ह्यो त्येचा."

आत चेंडू भिंतीवर बसला, आणि लगेच जाळीत गेल्याचा मऊ आवाज आला. बनुबाईला काहीच कळलं नाही. पण नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी बघितलं तशी ती परत आत गेली नाही. आठ वर्षं दोघांनी तो विषय काढला नव्हता. पट्टी बांधणारे दोघं होते. आता दाराबाहेर उभे राहणारेही दोघं झाले. एकदा आतून मोठा गलका उठला आणि कोंडीबाच्या नावानं टाळ्या पडल्या. नाथाजीनं डोळे मिटून घेतले.

सामना वरल्या आळीनं जिंकला, कोंडीबाच्या आळीनं. दिवस मावळायला आला होता. माणसं बाहेर आली आणि तिथंच गोदामासमोर सोनं लुटायला सुरुवात झाली. ज्याच्या त्याच्या हातात आपट्याची पानं. कोंडीबा घामानं निथळत गर्दीतून वाट काढत आला. कुणीतरी त्याच्या हातात पानं कोंबली होती. खेळाच्या धुंदीतच तो बापापुढं आला आणि त्यानं सोनं पुढं केलं. उजवा हात मोकळाच होता. पानं होती डाव्या हातात.

आजूबाजूच्या माना वळल्या. दसऱ्याचं सोनं, आणि तेही बापाला, डाव्या हातानं? मास्तर पुटपुटलेच, की अरे ठोंब्या, हात कुठला तो. कोंडीबाचं आपल्या हाताकडं लक्ष गेलं. तोंड उतरलं, आणि तो पानं घाईघाईनं दुसऱ्या हातात घ्यायला लागला.

नाथाजीनं त्याचं मनगट धरलं. पट्टीची गाठ जिथं बसायची, नेमकं तिथंच. पोरगं दचकलं, पण त्यानं सोडलं नाही.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. आवाज परेडीतला नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "ह्योच तुजा हात हाय. माजं चुकलं हुतं, लेका. ह्येच हातानं दे."

आणि सगळ्या गावासमोर नाथाजी हवालदारानं आपला डावा हात पुढं केला. कोंडीबानं त्या हाताकडं बघितलं. मग त्यानं पानं त्यावर ठेवली, आणि आपला हात मागं घेतला नाही.