दोन बोटं खाली

थंडीत शेजारचा टेम्पो सुरू झाला की डिझेलचा धूर खिडकीतून आत येतो आणि मला नानांची लाल गाडी आठवते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. नाना बेलापुरात फोटो स्टुडिओ चालवायचे. त्यांची दोन माणसांची जुनी स्पोर्ट्स कार पेट्रोल इतकं प्यायची की ती कधी गावाबाहेर जायचीच नाही.

मी माझ्या गॅरेजात तिचं इंजिन काढून त्या जागी टेम्पोचं डिझेल इंजिन बसवलं. साखळीवरून ते धूड आत उतरलं, तशी गाडी पुढून दोन बोटं खाली बसली. माझा जुना फिटर इस्माईलचाचा वाकून बघत म्हणाला, "इंजिन लई जड हाय. जुन्या ब्रेकवर सोडू नका."

"गावातच तर फिरवायचीय," मी म्हणालो.

नाना बोनेटवरून हात फिरवत होते. "आता परवडंल," ते म्हणाले. "मंडळींना लग्नापासून भंडारदरा दाखवतो म्हनतोय. रविवारी जातो."

चाचानं माझ्याकडं पाहिलं. मी पाना पुसत राहिलो. नानांचा आनंद मोडवेना, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे गाडी पुन्हा खोलायचा मला कंटाळा आला होता.

घाटाच्या उतारावर ब्रेक लागले नाहीत. गाडी खाली कोसळली आणि दोघंही गेले. ती ट्रकवर घालून माझ्याच गॅरेजात आणली. टप सपाट झाला होता. का कुणास ठाऊक, मी किल्ली फिरवली.

इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झालं.