‘घर’ हे कार्ड

लग्न होऊन हुबळीला आले, तेव्हापासून मोबाइलवर कन्नड शब्दांची कार्डं सोडवते. प्रत्येक उत्तराला किती सेकंद लागले, हे ते ॲप टिपून ठेवतं. उशीर झाला की शब्द कच्चा समजून पुन्हा पुन्हा विचारतं.

परवा ‘घर’ हे कार्ड समोर आलं आणि सासूबाईंनी हाक मारली. भाकऱ्या थापून परतले, मग ‘मने’ लिहिलं. उत्तर बरोबर होतं. पण मधे माणसाला कुणी हाक मारतं, हे त्या मेल्याला कुठून कळणार? आता ‘घर’ रोज पुढ्यात येतं. मीही घाईघाईने उत्तर देऊन सुटते.

काल आईचा फोन आला. “रमलीस ना गं तिथे?”

“हो,” मी लगेच म्हणाले. जरा थांबले असते, तर तिनेही रोज विचारलं असतं.