खिशातला कॅमेरा आणि पाडव्याची म्हैस

सर्व संबंधितांस, आणि ज्यांचा काडीचाही संबंध नाही त्यांनासुद्धा, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की दोन हजारचं दशक संपता संपता मी माझ्या आयुष्यातला शेवटचा कॅमेरा विकत घेतला. यापुढे मला कॅमेरा घ्यावा लागणार नव्हता. खरं तर यापुढे कोणालाच घ्यावा लागणार नव्हता, कारण कॅमेरा या वस्तूचा शोध आता पुरा झाला होता. ही घोषणा मी घरात, चहाच्या वेळी, उभं राहून केली. बायकोने बशीतला चहा संपवला आणि विचारलं, "अहो, मग याआधीचे तीन शेवटचे आहेत, त्यांचं काय करायचं?"

आक्षेपात तथ्य होतं. पहिला शेवटचा कॅमेरा नव्वदच्या सुरुवातीचा, रोलवाला. छत्तीस फोटोंचा एक रोल आम्ही इतका जपून वापरायचो की रोल धुऊन आला तेव्हा पहिल्या फोटोत मुलगी रांगत होती आणि शेवटच्या फोटोत दप्तर घेऊन शाळेत निघाली होती. दुसरा चांगला थोरला, गळ्यात अडकवायचा, पुढे लांब भिंग. त्याने माझी मान कायमची वाकवली, पण मान मिळवूनही दिला. ज्या लग्नात मला कुत्रं ओळखत नव्हतं तिथेसुद्धा वधूपिता "साहेब, हिकडं, हिकडं" करत मला पहिल्या पंगतीला बसवायचे. तिसरा डिजिटल, खिशात मावणारा. उन्हात तो झकास होता. दिवेलागणीला मात्र त्यातले सगळे नातेवाईक अंगावर रवा पेरल्यासारखे यायचे.

आणि हा चौथा. आकार चष्म्याच्या डबीएवढा, पण आत सेन्सर थोरल्या कॅमेऱ्याचा! प्रकाश झेलून त्याचा फोटो करणारी जी काचेसारखी चौकोनी चकती आत असते, ती इतर खिशातल्या कॅमेऱ्यांत करंगळीच्या नखाएवढी. माझ्यात चांगली पोस्टाच्या तिकिटाएवढी. "माझ्यात" हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. पहिला महिनाभर मी असंच बोलत होतो.

मी शाळेत विज्ञान शिकवायचो. त्यामुळे सोपी गोष्ट सविस्तर समजावून सांगून समोरच्याचा दिवस खराब करायचा मला सरावच होता. शिक्षकखोलीत मी फळ्यावर दोन चौकोन काढले, एक लहान, एक मोठा. पंधरा दिवस ते कोणी पुसले नाहीत. कारण माझ्याशी तो विषय निघेल या भीतीने फळ्याकडेच कोणी फिरकत नव्हतं. न्हाव्याला सांगितलं. गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसाला सांगितलं. त्याने टाकी खांद्यावरून उतरवण्याआधी ऐकून घेतलं, हे त्याचे उपकार. शेवटी उरला आमचा दूधवाला.

हा गवळी वीस वर्षं आमच्याकडे दूध घालत होता. अंगावर मूठभर मांस नव्हतं, म्हणून सगळी गल्ली त्याला पैलवान म्हणायची. संध्याकाळी तो कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हैस उभी करून गिऱ्हाईकासमोर धार काढायचा आणि फेसाळ दुधाचा पेला हातात द्यायचा. मी त्याला त्याच्याच धंद्यातलं उदाहरण दिलं. म्हटलं, "पैलवान, सेन्सर म्हणजे बादली. आणि उजेड म्हणजे दूध. बादली मोठी असली तर दूध जास्त मावणार की नाही?"

त्याने कॅमेरा तळहातावर घेऊन वजन केल्यासारखा वरखाली केला.

"मावंल की. पर मास्तर, धार काढाय किती येळ लागतोय?"

संबंध गावात हा एकच माणूस असा निघाला की ज्याने एका प्रश्नात कॅमेऱ्याची दुखरी नस पकडली. कारण तो कॅमेरा सावकाश होता. फारच सावकाश. बटण दाबलं की आधी भिंग गुर्रगुर्र करत पुढेमागे जायचं, विचार करायचं, मग फोटो काढायचा आणि मग तो साठवून ठेवायला असा वेळ घ्यायचा की तेवढ्यात माणसाने पान लावून खावं. पण प्रेमात पडलेला मनुष्य असल्या गोष्टी पाहुण्यांना सांगत नसतो. मी म्हटलं, "उत्तम गोष्टीला वेळ लागायचाच."

"मग यंदा आमच्या म्हशीचा फोटू तुमीच काढा की," तो म्हणाला.

आता इथे थोडं सांगायला हवं. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात गवळी आपल्या म्हशी सजवून रस्त्यावर आणतात. शिंगं रंगवलेली, अंगावरचे केस कातरून नक्षी केलेली, कपाळाला कवड्यांचा पट्टा, शिंगांत मोरपिसं. मालक मोटरसायकलवर बसून गाडीच्या नळकांड्यातून जाळ काढत पुढे सुटतो आणि म्हैस त्याच्या मागून धावते. दावं नाही, काठी नाही. हजार माणसांच्या गोंगाटात ती आपल्या मालकाच्या मागून धावते, हीच त्या मालकाची वर्षाची कमाई.

पैलवान मला घरी घेऊन गेला. पुढच्या सोप्यात भिंतीवर फोटोंची एक रांग होती. आजा सायकलवर, मागे म्हैस. बाप लुनावर, मागे म्हैस. चुलता बुलेटवर, मागे म्हैस. प्रत्येक पिढीने आपल्या लाडक्या म्हशीबरोबर एक फोटो भिंतीवर ठेवला होता. पैलवानाच्या वाट्याचा खिळा तेवढा मोकळा होता. दरवर्षी काहीतरी राहून गेलं होतं. आता म्हैस आटली होती, गुडघे धरले होते. दिवाळी झाली की राधानगरीकडे बहिणीच्या शेतावर तिला कायमची पाठवायची असं घरात ठरलं होतं. हा शेवटचा पाडवा. गावातल्या एका स्टुडिओवाल्याला त्याने फोटोसाठी सांगून ठेवलं होतं.

"त्याला कशाला?" मी म्हटलं. "त्याचा कॅमेरा थोरला, पण आतली चकती माझ्याएवढीच. नको म्हणून सांगा त्याला."

कोपऱ्यात पैलवानाची आई कडबा तोडत बसली होती. या म्हशीला लहानपणापासून तिनेच वाढवलं होतं. ती मान वर न करता म्हणाली, "मास्तर, डबीत फोटू मावंल, पर म्हस मावंल का?"

मी हसलो. पैलवानाने स्टुडिओवाल्याला नको म्हणून सांगितलं.

पाडव्याच्या दुपारी पैलवान असा आला की मी क्षणभर ओळखलंच नाही. परीटघडीचा पांढरा शर्ट, गुलाबी फेटा, मिशीला तूप. तासभर आरशासमोर बसला होता, असं त्याच्या आईने सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं. मी रस्त्याच्या कडेला मोक्याची जागा धरली. समोरच्या बाजूला तोच स्टुडिओवाला, दुसऱ्या एका गवळ्याचं काम घेऊन, हातभर लांब भिंग लावून उभा होता. त्याला बघून लोक आपोआप बाजूला होत होते. आपल्याकडे लोक फोटो काढणाऱ्याला वाट देत नाहीत, भिंगाला देतात, हे ज्ञान मला त्या जागी झालं. कारण माझ्यापुढे एकामागून एक सात जण येऊन उभे राहिले.

"अहो, जरा सरका, फोटो काढतोय."

एकाने वळून माझ्या हाताकडे पाहिलं. "ओ पावणं, मोबाईल खिशात घाला आन् मागं व्हा. म्हस अंगावर येतीया."

"हा मोबाईल नाही."

"मग तर आनखीच मागं व्हा!"

तेवढ्यात मोटरसायकलचा कडाड आवाज आला, पैलवान ताठ बसून गेला, मागून म्हैस गेली. मी बटण दाबलं होतं. कॅमेरा गुर्रगुर्र करत विचार करत होता. विचार करून झाल्यावर त्याने फोटो काढला. त्यात मला पावणं म्हणणाऱ्याचा डावा कान होता, धूर होता आणि धुरात एक शेपूट होतं. कानाचे बारीक केससुद्धा मोजता येत होते. सेन्सर खरोखरच उत्तम होता.

पैलवान वळसा घालून परत आला. "आला का?"

"शेपूट आलंय."

 म्हशीच्या तोंडाला फेस आला होता. त्याने तिच्या पुढच्या पायावरून हात फिरवला. म्हणाला, "मास्तर, आता एकच फेरी उरलीया तिच्यात. परत पळवाय न्हाय जमायचं."

समोर स्टुडिओवाला मोकळा उभा होता. त्याला हाक मारली असती तर दोन मिनिटांत काम झालं असतं. पण दोन चौकोन फळ्यावर काढलेला माणूस अशी हाक मारू शकत नाही. माझी अडचण दोन प्रकारची होती. एक, लोक मध्ये येत होते. दोन, म्हैस काळी होती, आणि माझ्या कॅमेऱ्याला काळ्यावर काळं दिसलं की नजर कुठे ठरवावी हेच कळायचं नाही. आणि अचानक विज्ञान माझ्या अंगात आलं. कोणी मध्ये येऊच शकणार नाही अशी जागा जगात एकच होती.

"पैलवान, मी तुमच्या मागे बसतो. उलटा!"

मी मोटरसायकलवर उलटा बसलो. माझी पाठ त्याच्या पाठीला, पाय मागच्या दिव्यावर, डोळ्यांसमोर म्हैस. पब्लिकने शिट्ट्या मारल्या. शाळेतली दोन पोरं "सर! सर!" करून ओरडली, त्या वर्गाला मी नंतर वर्षभर शिस्त लावू शकलो नाही. गाडी सुटली. आणि चारशे-पाचशे किलोंचं ते जनावर, शिंगं परजून, मोरपिसं उडवत, थेट माझ्या पोटाच्या रोखाने धावत यायला लागलं. ती मालकाच्या मागे धावत होती हे मला पाठ होतं. पण मालक आणि ती यांच्यामध्ये आता मी होतो, याबद्दल तिचं काय मत होतं ते कळायला मार्ग नव्हता.

मी कपाळावरच्या पांढऱ्या कवड्यांवर नेम धरला. कॅमेऱ्याला एकदाचं काळ्यावर पांढरं सापडलं. भिंगाची गुरगुर थांबली. ती चाकापासून दोन हातांवर, एका लयीत धावत होती, मान किंचित वर, नजर थेट समोर, नाकपुड्या फुललेल्या. मी बटण दाबलं आणि डोळे मिटले.

"आला का?" पैलवान पुढून ओरडला.

"आला! काय आलाय! असा कोणाच्या घरात नाही!"

उन्हात त्या एवढ्याशा पडद्यावर काही दिसत नव्हतं, तरी त्याने तो डोळ्याला लावून पाहिला आणि मला मिठी मारली. मिशीतलं तूप माझ्या कॉलरला लागलं. दोन दिवसांनी म्हैस टेम्पोत चढून राधानगरीला गेली.

फोटो छापून घ्यायला मी त्याच स्टुडिओवाल्याकडे गेलो, मुद्दाम, विजयी मुद्रेने. त्याने संगणकावर फोटो उघडला. पडदाभर म्हैस. कवडीवरची चीर दिसत होती. डोळ्यात समोरचा रस्ता दिसत होता. तो बराच वेळ बघत राहिला. मग प्रामाणिकपणे म्हणाला, "झकास. तोड न्हाय." आणि थोडं थांबून, "मालक कुठायत?"

मी पडद्याकडे पाहिलं. परत पाहिलं. मालक माझ्या पाठीमागे होते. पांढरा शर्ट, गुलाबी फेटा, तुपातली मिशी, सगळं माझ्या पाठीमागे. म्हशीचा मालकाबरोबरचा फोटो काढायला गेलेल्या विज्ञान शिक्षकाने मालकाला पाठ टेकून फोटो काढला होता.

"त्यांचा पासपोर्ट फोटो हाय माझ्याकडं," स्टुडिओवाला दयेने म्हणाला. "कोपऱ्यात चिकटवू का? मागं स्वित्झर्लंड पण टाकता येतंय."

म्हशीमागे स्वित्झर्लंड नको म्हणालो. मोठी फ्रेम करून घेतली, पेपरात गुंडाळली आणि गवळीवाड्याकडे निघालो. वाटेत मी तीन निरनिराळी भाषणं तयार केली. तिन्हींत सेन्सर होता.

पैलवानाने पेपर फाडला. फ्रेम मांडीवर उभी धरली.  सोप्याच्या कोपऱ्यातला खुंटा आता रिकामा होता आणि त्याची नजर एकदा तिकडे जाऊन आली. मग त्याने शर्टाच्या बाहीने काच पुसली, जणू आपण काचेवरच्या धुळीखाली कुठेतरी असू.

"मास्तर," तो हळूच म्हणाला, "ह्यात मी कुठं हाय?"

"तुम्ही... म्हणजे त्याचं असं आहे पैलवान, ती बघते आहे ना, ती तुमच्याकडेच बघते आहे. मी मध्ये होतो एवढंच."

हे माझ्या तिन्ही भाषणांत नव्हतं. तो परत बघू लागला. तेवढ्यात आतून म्हातारी हात पदराला पुसत आली. तिने फ्रेम लेकाच्या हातातून ओढून घेतली, दारातल्या उजेडात धरली. म्हशीच्या कपाळावरून, काचेवरून, अंगठा फिरवला. डोळे भरले तिचे. मग तिने रांगेतल्या सासऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, दिराकडे पाहिलं, शेवटी खाली मान घालून बसलेल्या लेकाकडे पाहिलं आणि गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा म्हणाली:

"ह्यो न्हाय आला त्येच बरं झालं की! ह्या घराच्या भित्तीवर एक तरी देखणं तोंड लागलं!"